घागरीतला नमुना

२४ फेब्रुवारी

अठ्ठेचाळीस तास झाले. पंधराही नळ्या स्वच्छ. एकीतही वायूचा बुडबुडा नाही. म्हणजे पाण्यात मैल्यातला जंतू नाही.

मल्लूला फोन केला. मल्लिकार्जुन – धाकटा भाऊ, गावच्या कल्लेश्वर देवस्थानाचा सेक्रेटरी. देवळापुढच्या दगडी विहिरीच्या, कल्लबावीच्या, पाण्याचा दाखला त्याला हवा होता. शिवरात्रीनंतर गावात काही मुलांना जुलाब झाले आणि कुणीतरी तीर्थाचं नाव घेतलं. रविवारी गावी गेले तेव्हा नमुना घेऊन आले.

"अक्का, मी म्हणत हुतो की. देवाच्या पाण्याला काय धाड भरलीय?"

दाखला लिहिला. पिण्यास योग्य. सही, शिक्का. बरं वाटलं. मीही त्याच पाण्यावर वाढले.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. कॉलेजात माझा सत्कार!

मल्लू गावाहून जीप भरून माणसं घेऊन आला होता. मंचामागे फ्लेक्स. एका बाजूला कल्लेश्वर, दुसऱ्या बाजूला मी, मधे माझा दाखला मोठा करून. खाली लाल अक्षरांत – 'विज्ञानानेही मानले'. प्राचार्य श्रद्धा आणि विज्ञानाच्या संगमावर बोलले. शाल, नारळ. सत्तावीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आहे. एवढ्या टाळ्या आधी कधी मिळाल्या नव्हत्या. आवडल्या. इथे लिहायला हरकत नाही.

शाल ठेवायला प्रयोगशाळेत गेले. मैनुद्दीन नळ्या धूत होता. आमचा परिचर, एकोणीस वर्षं हंगामी. मान वर न करता म्हणाला, "मॅडम, वो पानी बावड़ीमेंका था या घड़ेमेंका?"

घागरीतलं, मी म्हणाले.

"तांबे का घड़ा?"

हो.

"हौ," म्हणाला आणि पुढची नळी घेतली.

जिन्यात उभी राहिले. मंचाकडे परत गेले नाही.

१ मार्च

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पहिल्याच तासाला सांगते – विहिरीचा नमुना विहिरीतून घ्यायचा. हंड्यातून नाही, माठातून नाही. मागच्या वर्षी एका मुलीचे यासाठी दहा गुण कापले.

आणि मी काय केलं? देवळात गेले, चपला काढल्या, पदर घेतला, ओंजळ पुढे केली. पुजाऱ्यानं घागरीतून बाटलीत ओतलं. मी बाटली कपाळाला लावली! संध्याकाळच्या पूजेनंतर घागर भरून ठेवतात, सकाळी वाटतात. पाणी बारा-चौदा तास तांब्यात. तांबं जंतू मारतं. हेही मीच शिकवते.

बायकांनी बावीच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, हा नियम. तो मी मोडायला हवा होता असंही नाही. काठावरून बाटली सोडता आली असती. सुचलंच नाही. त्या अंगणात मी प्राध्यापिका नसते, काशम्माची थोरली असते.

सकाळच्या एस.टी.नं गावी गेले. निर्जंतुक केलेली बाटली, गळ्याला दोरी, तळाला दगड. घागरीतल्या पाण्यासाठी दुसरी बाटली. अव्वाला, म्हणजे आईला, कशाला आले ते सांगितलं. मी निघाले तेव्हा ती पायात वहाणा घालून तयार. शहात्तर वर्षांची, गुडघे गेलेले. कठड्यापाशी माझ्या हातातली दोरी घेतली, ताणून पाहिली, परत दिली.

"खोल सोड. वरवरचं घेऊ नको."

पुजारी लांबून बघत होता. अव्वा सोबत होती म्हणून आडवा आला नाही.

परत येताना देवळामागचा नवा भक्तनिवास पाहिला. मल्लूनं वर्षभर खपून उभा केलेला. संडासांचा शोषखड्डा पावलांनी मोजला. बावीपासून बेचाळीस फूट. उतार बावीकडे.

३ मार्च

होळी. आणि ग्रहण. चंद्र उगवला तोच ग्रहण घेऊन.

बाहेर बोंबा चालल्या आहेत. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे होती, जाऊन आले. घागरीच्या पाण्याच्या नळ्या स्वच्छ. बावीच्या पंधरापैकी पंधरा नळ्यांत वायू. शिवाय साधी चाचणीची बाटली, जी खेड्यात आशाताई वापरतात, घाण असेल तर काळी पडणारी – काळी. डांबरासारखी.

पुन्हा मोजलं. पुन्हा पंधरा.

६ मार्च

अव्वाचा फोन. गल्लीत सात जण जुलाबानं आडवे, दोघांना अक्कलकोटला हलवलं.

का ते मला फोन ठेवायच्या आत कळलं. ग्रहण सुटलं की घरात साठवलेलं पाणी ओतून टाकतात. देवळातलीही घागर ओतली. मंगळवारी ताजी भरली आणि लगेच वाटली. तांब्याला काम करायला वेळच मिळाला नाही. शिवरात्रीला हेच झालं असणार – गर्दी मोठी, घागर दर घटकेला रिकामी, भरायची आणि वाटायची.

मल्लूला सगळं सांगितलं. नीट, एकेक पायरी. रोजच्या दिवशी घागर तुम्हाला वाचवते. सणाच्या दिवशी वाचवत नाही.

"ग्रहणात कायतरी खाल्लं असंल लोकांनी," तो म्हणाला.

खड्ड्याचं सांगितलं. तर म्हणाला, "अक्का, एकदा मानलंय न्हवं विज्ञानानं? आता परत कशाला?"

८ मार्च

देवस्थानाला पत्र पाठवलं. प्रत ग्रामपंचायतीला, आरोग्य केंद्राला, प्राचार्यांना. 'माझा दि. २४ फेब्रुवारीचा दाखला रद्द समजावा. नमुना घेण्यात माझी चूक झाली.' नवे आकडे. खाली तीन उपाय: तीर्थ वाटणं तूर्त थांबवा, खड्डा हलवा, बावीत औषध टाका.

'माझी चूक' हे शब्द चार वेळा खोडले. पाचव्यांदा राहू दिले.

एक गोष्ट पत्रात नाही. बावीस तारखेला मल्लूच्या नातीला पाळण्यात घालायचं आहे. त्याचा मुलगा गुरुशांत आणि सून उत्कर्षा यांची मुलगी, पहिली. आमच्या घरात पाळण्याआधी बाळाच्या ओठांना कल्लबावीचं तीर्थ लावतात, चमचाभर पोटात जाऊ देतात. घरातली थोरली बाई देते. म्हणजे अव्वा. गुरुशांतला दिलं तेव्हा मी शेजारी होते. चमचा कोमट लागला होता बोटाला. मी विचारलं तर म्हणाली, बाळाला गार बाधतं.

तेव्हा मी एम.एस्सी. झालेली होते. काहीही बोलले नाही.

१० मार्च

गावच्या ग्रुपवर माझा सत्काराचा फोटो फिरतो आहे, तोंडावर लाल फुली. माहेरच्या देवाची बदनामी करणारी. कुणाची सुपारी घेतली? एकानं लिहिलं आहे, बाईनं देवाला संडासाचं पाणी म्हटलं. ते मी म्हटलं नाही. पण वाचताना वाटलं – आकड्यांचा अर्थ तोच आहे. त्यांना तो कळला. कळला म्हणून एवढा राग.

शेजारच्या सुंदरम्मा आज जिन्यात भेटल्या. बाजूला झाल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या. काल माझ्याकडून विरजण नेलं होतं.

११ मार्च

आता मैनुद्दीनचं नाव आलं. पूर्ण नाव, आडनावासकट. 'तीर्थाची बाटली कुणाच्या हातात दिली ते विचारा. पाणी बावीत नासलं की प्रयोगशाळेत?'

दुपारी प्रयोगशाळेच्या दारात तिघे उभे राहून मोबाईलवर चित्रण करत होते. तो आत, पाठमोरा, नळ्या लावत होता. मी दार लावून घेतलं. तो म्हणाला, "खुला रहने दो मॅडम. बंद किए तो बोलेंगे, अंदर कुछ कर रा."

पोलीस ठाण्यात कुणीतरी अर्ज दिला आहे. आमच्या दोघांविरुद्ध, धार्मिक भावना दुखावल्या म्हणून. पहिलं नाव त्याचं.

१२ मार्च

प्राचार्यांनी बोलावलं. चहा मागवला. माणूस वाईट नाही. भ्यालेला आहे, आणि भीती त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की ती व्यवहारासारखी दिसते.

टाईप केलेला कागद पुढे सरकवला. 'दुसऱ्या तपासणीच्या वेळी प्रयोगशाळा परिचराच्या हाताळणीतील दोषामुळे नमुना दूषित झाल्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब पहिला दाखला ग्राह्य धरावा.'

खाली माझं नाव, सहीला जागा.

"मॅडम, तुमच्यावर काहीच येत नाही. तो तसाही हंगामी आहे. दुसरीकडे कुठे तरी बघू त्याचं."

मी विचारलं, हाताळणीत दोष होता तर घागरीचा नमुना स्वच्छ कसा राहिला? त्याच दिवशी, त्यानेच धुतलेल्या नळ्यांत तोही लावला होता.

ते म्हणाले, हा शास्त्राचा प्रश्न आहे. आपल्यापुढे वेगळा प्रश्न आहे.

सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली. का मागितली? तिथेच नाही का म्हणाले नाही? घरी येईपर्यंत स्वतःला हेच विचारत होते. उत्तर आवडत नाही. क्षणभर तो कागद मला सोयीचा वाटला.

१३ मार्च

मैनुद्दीनला कागद दाखवला. लपवणं जमलं नसतं. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचला. मराठी तो माझ्याइतकी चांगली वाचतो.

"हाताळणी," म्हणाला. "एकोणीस साल में एक नळी फुटी क्या मेरे हात से?"

नाही.

"बोतल मैं उबालूं, ओट्टा मैं पुसूं, और जंतू बी मेरेच?" हसला. मग हसणं गेलं. "तुम्हारेकू सही करनी तो करो. मेरे सामने नक्को करो बस."

तो रागावला होता. माझ्यावर. बरोबर आहे. प्रश्न त्याचा, सत्कार माझा, आणि आता दोष पुन्हा त्याचा. सत्काराच्या दिवशीच मंचावर परत जाऊन मी त्याचं नाव घ्यायला हवं होतं.

१४ मार्च

आज दिवसभर उत्तर लिहीत होते. पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं – 'माझा कोणाच्याही श्रद्धेला विरोध नाही, मी केवळ पाणी तपासले.' सगळे हेच लिहितात. यानं सुटका होते.

खोडलं. ते खरं नाही.

माझा विरोध आहे. देवाला नाही – तो आहे की नाही, माझ्याकडे त्याची चाचणी नाही. पण जे पाणी तपासू देत नाही, तपासलं तर आकडा सहन करत नाही, आणि आकडा हटला नाही तर जवळच्या मुसलमानाचा हात शोधतं, त्याला मी श्रद्धा म्हणून मान देणार नाही. आणि हे मोठ्यानं म्हणण्याचा मला हक्क आहे. मंचावर श्रद्धेची स्तुती करायला कुणी माझी परवानगी मागितली नव्हती. मग तिच्यावर बोट ठेवायला मी कुणाची मागू?

गंमत आहे. आमचे लोक गळ्यात लिंग बांधतात आणि सांगतात, आमच्याकडे मधे कुणी लागत नाही, देव थेट तळहातावर. थेट! आणि विहिरीपर्यंत पोचायला मात्र घागर लागते, घागरीला पुजारी, पुजाऱ्याला सेक्रेटरी.

१६ मार्च

कागद सही न करता परत दिला. सोबत माझं उत्तर, दीड पान. नमुने मी घेतले. चाचणी मी लावली. परिचराची चूक नाही. उलट पहिल्या नमुन्यातली माझी चूक त्यानेच दाखवली. निष्कर्ष कायम. कुणीही, कुठल्याही प्रयोगशाळेतून, पुन्हा तपासावं.

प्राचार्यांनी शेवटची ओळ वाचून मान हलवली. "मॅडम, ही ओळ तेवढी काढा. उद्या कुणीतरी खरंच तपासेल."

तेच हवं आहे, मी म्हणाले.

१७ मार्च

सक्तीच्या रजेवर. मैनुद्दीनला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तोंडी.

१९ मार्च

पाडवा. गुढी उभारली. सवयीनं.

मल्लू आला! एकटा, मोटारसायकलवर, अक्कलकोटकडून उन्हातून. पाणी दिलं. पेला हातात धरून बसला, मग विचारलं, "उकळलंय?" आणि आपणच ओशाळला.

मला वाटलं, संपलं. पण तो बारशाचं सांगायला आला होता. म्हणजे येऊ नको हे सांगायला. लोक येणार, देवस्थानाचे सगळे येणार. "तू आलीस तर मी मदल्यामदी मरतो, अक्का." भक्तनिवासासाठी त्यानं घरोघर फिरून विटा मागितल्या होत्या. खड्ड्याची जागा त्यानंच दाखवली होती. मी आकडे म्हणते तेव्हा त्याला ती जागा दिसते. हे मला आज त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. चीड आहेच, पण आता ती सरळ राहिलेली नाही.

मी एकच मागितलं. बाळाला ते पाणी देऊ नका. बाकी मला गावात पाऊल ठेवू देऊ नका, चालेल. वीस दिवसांचं पोर आहे, मल्लू.

"ते माज्या हातात न्हाय. अव्वा देनार म्हनती. काल सोताच म्हनाली सगळ्यांफुडं, तीर्थ माज्याच हातनं द्यायचं."

अव्वा! जिनं कठड्यापाशी माझी दोरी ताणून पाहिली, ती.

तो गेल्यावर तिला फोन केला. सगळं पुन्हा सांगितलं. खालून घेतलेल्या नमुन्याचं, काळ्या बाटलीचं, अक्कलकोटला नेलेल्या दोघांचं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जेवलीस का?" आणि ठेवून दिला.

२० मार्च

उत्कर्षाला फोन केला. बाळाची आई आहे, नको म्हणायचा पहिला हक्क तिचा म्हणून. करमाळ्याची मुलगी, बारावीपर्यंत विज्ञान. हळू आवाजात म्हणाली, "मला पटतंय आत्या. पण मी इथं नवीन आहे." मागून कुणीतरी हाक मारली.

मैनुद्दीनच्या घरी गेले. तो नव्हता. एका दवाखान्यात बाटल्या धुवायचं काम मिळालं आहे. त्याच्या बायकोनं बसवलं, सरबत दिलं. तिच्याकडून कळलं, माझ्या उत्तराची एक प्रत त्यानं कॉलेजातून मागून घेतली होती. त्याच्या नावाची ओळ कात्रीनं कापून कपाटाच्या दाराला आतून लावली आहे.

दुपारी जिल्हा प्रयोगशाळेला स्वतः अर्ज दिला. बावीचा नमुना तुमच्या माणसानं घ्यावा, मी हात लावणार नाही. कारकून म्हणाला, देवस्थानाची परवानगी आणा. मी म्हणाले, नाही आणत. अर्जावर पोच द्या. तासभर उभी राहिले. दिली.

सोमवारी पुन्हा जाणार. मंगळवारी पुन्हा.

२२ मार्च

आज बारसं. फोन नाही.

२३ मार्च

सकाळी आठला दार वाजलं. अव्वा. एकटी, एस.टी.नं, आयुष्यात पहिल्यांदा. गुडघे धरून बसली. दम खाल्ल्यावर निम्म्या कानडीत, निम्म्या मराठीत म्हणाली, "पोर बरी हाय. दिलं मी. तीनदा उकळून दिलं. तुला दिलं तसंच. मल्लूला, गुरुशांतला दिलं तसंच. ह्या घरात कच्चं तीर्थ एकाच्याच पोटात गेलं."

कुणाच्या, मी विचारलं.

"तुज्या आदीचा. नाव ठिवलं त्याच्या आटव्या दिवशी गेला."

त्रेपन्न वर्षं मी थोरली होते. आणि खड्डा मागच्या वर्षीचा आहे. ते मूल कशानं गेलं, मला सिद्ध करता येणार नाही. पाणी तेव्हापासून तसंच असेल, तर माझा अहवालही अपुरा आहे.

"काल पाळण्याजवळ समद्यांना सांगितलं," ती म्हणाली. "मल्लू रडला. पुजारी उठून गेला. आता तू लिहून घे. त्या बाटल्या धुनाऱ्याचं कायबी चुकलं न्हाय, हे पयलं लिही."

लिहिलं. वाचून दाखवलं. शाईचा पॅड पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला, पेन मागितलं आणि सावकाश, कानडी अक्षरांत सही केली. काशम्मा.

जिल्हा प्रयोगशाळा दहाला उघडते. ती चप्पल घालून दारात उभी आहे.